पणजोबांची नोंद शोधताना आधी गाव पक्कं करा

जुनी दप्तरं गावनिहाय बांधलेली असतात, त्यामुळे आडनाव घेऊन गेलात तर शोध लागायचा नाही. शिवाय कित्येक नोंदींत आडनावच नसतं. ‘धाकू वलद गणू’, म्हणजे गणूचा मुलगा धाकू, एवढंच लिहिलेलं असतं. म्हणून घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला आधी मूळ गाव विचारा.

गाव कळलं की तालुका ठरतो. घणसोली, कोपरखैरणे, दिवाळे ही गावं ठाणे तालुक्यातली. खारघर, कामोठे नवी मुंबईचे वाटले तरी त्यांचं दप्तर पनवेलचं, म्हणजे रायगडचं. 1981 पर्यंत त्याच जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. वसई, वाडा, जव्हार 1 ऑगस्ट 2014 पासून पालघर जिल्ह्यात आहेत.

सुरुवात आजोबांच्या शाळेपासून करा. जनरल रजिस्टरच्या, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीच्या उताऱ्यात जन्मतारीख, जन्मगाव आणि बहुधा जातही मिळते. त्यामागच्या पिढीसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक मागा. त्यात गावातले जन्म-मृत्यू टिपलेले असतात.

माझ्या मते खरा खजिना मात्र वारस फेरफार, म्हणजे जमिनीच्या दप्तरात वारसांची नावं लावल्याची नोंद. खातेदार वारला की वारसांची नावं लागतात, आणि एकाच कागदावर अख्खी पिढी हाती येते. कधी वंशावळीतून गळालेल्या आत्याही तिथे भेटतात. सातबाऱ्यावरचा फेरफार क्रमांक धरून मागे मागे जात राहा. जमीन सिडकोसाठी गेली असली तरी जुने फेरफार पाहाच, भूसंपादनाच्या निवाड्यातही खातेदारांची नावं असतात.

नकलेसाठी साध्या कागदावर अर्ज करून सोबत ओळखपत्राची प्रत जोडा. गाव, व्यक्तीचं व तिच्या वडिलांचं नाव, अंदाजे वर्षं आणि दस्ताचा प्रकार स्पष्ट लिहा. दहा वर्षांचा टप्पा दिला तर शोधणाऱ्यालाही सोपं जातं. तोंडी ‘सापडत नाही’ ऐकून परतू नका, लेखी उत्तर घ्या. ते मिळेना तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करता येतो. उत्तराची मुदत 30 दिवस. भारतीय नागरिक असणं एवढीच त्याची अट.

हीच कागदपत्रं जात पडताळणीलाही लागतात. ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा पाहतात, म्हणून नक्कल प्रमाणितच घ्या.

नोंद जुन्या मोडी लिपीत असली तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या, आणि बुकाचा व पानाचा क्रमांक त्याच दिवशी वहीत उतरवा. पुढच्या खेपेला तोच सांगावा लागतो.