आतड्याला चिकटलेला ‘वर्षानुवर्षांचा मळ’

मोठ्या आतड्याच्या भिंतीवर मळाचा जुना थर साचतो, तो अंगभर विष पसरवतो, म्हणून अधूनमधून कोठा धुऊन काढायला हवा, हा समज फार जुना आहे. लंडनचे शल्यविशारद आर्बथनॉट लेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच कल्पनेपोटी रुग्णांची मोठी आतडी कापून काढली.

असा थर कोलोनोस्कोपीत, म्हणजे कॅमेऱ्याची नळी आत घालून केलेल्या मोठ्या आतड्याच्या तपासणीत, दिसत नाही. आतड्याचं अस्तर दर काही दिवसांनी नवं होतं, जुन्या पेशी मळाबरोबर निघून जातात. मग ‘कोठा साफ करणाऱ्या’ पावडरींच्या जाहिरातींत, बाहेर पडलेला मळ म्हणून दाखवलेले रबरासारखे लांब पट्टे कसले? अशा अनेक पावडरींत इसबगोल आणि बेंटोनाइट माती असते. ती पाण्याने फुगते आणि आतड्याचाच आकार घेते. म्हणजे घेतलेली पावडरच बाहेर पडते, आणि माणूस घाबरून पुन्हा तीच विकत घेतो. याचा मला मनापासून राग येतो.

वारंवार जुलाब घेतल्याने शरीरातलं पाणी आणि पोटॅशियम घटतं.

खरी गरज अन्नातल्या तंतूंची (फायबरची) आहे, दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, पेरू यांतून ते मिळतात. प्रमाण हळूहळू वाढवा, नाहीतर पोट फुगतं. इसबगोल पेलाभर पाण्यातच घ्या. कोरडं घेतलं तर घशात अडकू शकतं. शौचातून रक्त जात असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा.