फ्लफ आणि क्रंच (रोलप्लेइंग खेळांची पुस्तके)

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळ म्हणजे टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एकेक पात्र होऊन, फासे टाकत मिळून गोष्ट रचण्याचे खेळ. त्यांच्या पुस्तकांत दोन तऱ्हेचा मजकूर एकमेकांत मिसळलेला असतो. एकात त्या खेळाचे जग येते: तिथली शहरे, देव, राक्षस, जुनी युद्धे, एखाद्या तलवारीचा इतिहास. दुसऱ्यात खेळ कसा चालतो ते येते: कोणता फासा टाकायचा, किती आकडा पडला म्हणजे वार लागला, त्याने किती इजा झाली. पहिल्याला खेळाडू ‘फ्लफ’ म्हणतात, दुसऱ्याला ‘क्रंच’. मराठीत यांना रूढ प्रतिशब्द नाहीत. या नोंदीत कथारंग आणि नियम हे शब्द वापरले आहेत. फ्लफ म्हणजे पिंजलेल्या कापसासारखी हलकी, पोकळ वस्तू. तेव्हा या जोडीतला एक शब्द आधीच दुसऱ्याला कमी लेखतो, आणि या विषयावरचा निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

तोल साधायचा म्हणजे पानांची वाटणी करायची असे अनेकदा समजले जाते: इतकी पाने कथेला, इतकी नियमांना. खरी अडचण वेगळी आहे. हे पुस्तक दोन वेगळ्या प्रसंगी वाचले जाते. एकदा रात्री निवांत, कादंबरी वाचावी तसे, आणि एकदा ऐन खेळात, चार जण तोंडाकडे पाहत असताना, एका हाताने पाने उलटत. पहिल्या वाचनात जगाची ओढ लागली नाही तर खेळ सुरूच होत नाही. दुसऱ्या वाचनात हवा तो आकडा चटकन सापडला नाही तर रंगलेला प्रसंग हातातून निसटतो. एकाच पानाने दोन्ही वेळा उपयोगी पडायचे असते.

सुरुवातीचा काळ

१९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा इथल्या टीएसआर या कंपनीने काढला. खोक्यात तीन छोट्या पुस्तिका होत्या आणि त्यांत जवळजवळ सगळे नियमच होते. हा खेळ छोट्या बाहुल्यांनी खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांतून आलेला. जग ज्याचे त्याने रचावे हे त्यात गृहीत होते. पुढच्याच वर्षी ‘ग्रेहॉक’ नावाची पुरवणी आली. ग्रेहॉक हे गायगॅक्सच्या स्वतःच्या खेळातल्या जगाचे नाव. पण मुखपृष्ठावर जगाचे नाव असलेल्या या पुस्तिकेत त्या जगाविषयी फारसे काही नव्हते. होते ते नवे वर्ग (पात्रांचे प्रकार), नवी जादू, नवे तक्ते. जगाचे सविस्तर वर्णन छापून यायला १९८० उजाडले.

याच कंपनीने १९७५ मध्येच दुसरे टोकही गाठले होते. मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई भाषा शिकवणारे आणि उर्दूची पाठ्यपुस्तके लिहिणारे एम. ए. आर. बार्कर यांनी ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ हा खेळ आणला. त्याच्यामागे टेकुमेल हे जग होते, त्याच्या स्वतःच्या भाषांसकट. हे जग समृद्ध खरे, पण नव्या माणसाला आत शिरायलाच धीर लागे.

१९७७ चा ‘ट्रॅव्हलर’ या दोहोंच्या मधे कुठे तरी बसतो, आणि तो मला सगळ्यांत शिकण्यासारखा वाटतो. अंतराळप्रवासाचा हा खेळ पहिल्यांदा आला तेव्हा त्यात तयार जग नव्हते. खोक्याच्या काळ्या झाकणावर ‘बेओवुल्फ’ या व्यापारी जहाजाने दिलेली संकटाची हाक होती, अवघ्या काही ओळींची. त्या ओळींनी जे केले ते शंभर पानी इतिहासाने झाले नसते. आत मात्र नियमच गोष्ट सांगत होते. पात्र तयार करताना त्याची लष्करातली किंवा व्यापारातली कारकीर्द चार-चार वर्षांच्या टप्प्यांनी फाशांवर ठरे, आणि प्रत्येक टप्प्यात जगण्याचा फासा पडावा लागे. तो चुकला तर पात्र खेळ सुरू होण्याआधीच मरे! ‘अंतराळ निष्ठुर आहे’ असे वेगळे लिहायची गरजच उरत नसे.

नियम हीच गोष्ट

एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या भयकथांवर बेतलेला ‘कॉल ऑफ कथुलू’ हा खेळ केऑसियम कंपनीने १९८१ मध्ये काढला. सँडी पीटरसन हे त्याचे मुख्य रचनाकार. यात प्रत्येक पात्राला ‘सॅनिटी’, म्हणजे मनाचे भान मोजणारा एक आकडा असतो. भयानक काही पाहिले की फासा टाकायचा आणि तो आकडा घसरतो. खरी करामत पुढे आहे. विश्वाच्या गूढ सत्याचे ज्ञान हे एक वेगळे कौशल्य असते, आणि सॅनिटीची कमाल मर्यादा म्हणजे ९९ वजा ते कौशल्य. ज्याला २० टक्के कळले त्याचे भान ७९ च्या वर कधीच चढणार नाही, कितीही विश्रांती घेतली तरी. जाणून घेणे हेच विनाशाकडे नेते, हा त्या कथांचा गाभा एका वजाबाकीत बसला आहे. ही वजाबाकी फ्लफ म्हणायची की क्रंच? दोन्ही शब्द इथे तोकडे पडतात.

‘अर्थडॉन’ने (१९९३) दुसरी वाट काढली. पात्राची पातळी वाढणे ही इतर खेळांत केवळ हिशेबाची सोय असते. इथे पातळ्यांना ‘वर्तुळे’ म्हणतात, आणि ती त्या जगातल्या लोकांनाही ठाऊक असलेली गोष्ट झाली, त्यामुळे पात्रे आपापसात त्याविषयी बोलू शकतात.

नव्वदचे दशक : कथेची भरती

‘शॅडोरन’ (१९८९) या खेळाच्या पुरवण्या त्या जगातल्याच संगणकजाळ्यावर कोणी चढवलेल्या कागदपत्रांसारख्या लिहिलेल्या असत. मजकुराच्या मधे मधे तिथलीच पात्रे शेरे मारत, एकमेकांना खोटे पाडत. हे तंत्र वाचायला मजेदार तर आहेच, शिवाय गेम मास्टरच्या, म्हणजे जग सांभाळून खेळ चालवणाऱ्याच्या, कामाचे आहे. छापलेली माहिती खरी की खोटी हे त्याच्या हातात राहते.

मार्क राइन-हेगन यांचा ‘व्हॅम्पायर : द मास्करेड’ (१९९१) नियमांनी नव्हे, तर एका पात्राने लिहिलेल्या लांबलचक पत्राने सुरू होतो. या खेळाने वातावरणाला पहिले स्थान दिले आणि अनेक नवे लोक खेळाकडे आणले. पण त्याच्या पुरवण्यांतून एक सलग कथानकही पुढे सरकू लागले, ज्याला ‘मेटाप्लॉट’ म्हणतात. प्रकाशकाने एका पुस्तकात एखादा वंश संपवला की ज्याच्या घरी त्या वंशाची पात्रे दोन वर्षे खेळत होती त्याची पंचाईत. पुस्तक विकत घेतल्याने घरचा खेळ मोडणे हे कुठल्याही पुस्तकाचे अपयशच म्हणायला हवे. २००४ मध्ये प्रकाशकानेच ते कथानक जगबुडी करून संपवले.

आकड्यांची भरती

१९९७ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने टीएसआर विकत घेतली आणि २००० मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची तिसरी आवृत्ती आली. आता पारडे नियमांकडे झुकले. याला व्यापारी कारणही आहे. एका टेबलावर गेम मास्टर एक आणि खेळाडू चार-पाच. जगाचे वर्णन बहुधा एकटा गेम मास्टर विकत घेतो. नवे वर्ग आणि नवी कौशल्ये मात्र प्रत्येकाला हवी असतात. उलट बाजूने, या क्षेत्रात लेखकांना मानधन शब्दांवर मिळण्याची पद्धत आहे, आणि शब्दांवर पैसे असले की इतिहास फुगतो.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने दोन्ही मजकुरांत रेघच ओढली. प्रत्येक शक्तीची, म्हणजे पात्राला करता येणाऱ्या खास कृतीची, स्वतंत्र चौकट. वर तिरप्या अक्षरांत एक ओळ कथारंगाची, खाली नियम. वरची ओळ हवी तशी बदला, असे पुस्तकच सांगे. ऐन खेळात शोधायला याहून सोपे पान क्वचितच कोणी छापले असेल. पण नियम कथेपासून इतका सुटा झाला की प्रसंग डोळ्यांपुढे येईना. प्रसिद्ध उदाहरण ‘जिलेटिनस क्यूब’चे. हा म्हणजे भुयारभर पसरलेला पारदर्शक, चिकट चौकोनी गोळा. त्याला कोणी आडवे पाडले तर नियमाप्रमाणे तो ‘आडवा’ होई. त्याला ना पाय, ना पाठ! २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत त्याच्या वर्णनात स्पष्ट लिहावे लागले की तो आडवा पडत नाही. चौथ्या आवृत्तीच्या पहिल्या राक्षसकोशात प्राण्यांची माहिती फार त्रोटक असल्याची तक्रार झाली, आणि २०१० च्या ‘मॉन्स्टर व्हॉल्ट’मध्ये ती पुन्हा वाढवली गेली.

हा झोका थांबलेला नाही. २०१६ च्या ‘व्होलोज गाइड टू मॉन्स्टर्स’मध्ये गॉब्लिन, राक्षस, चेटकिणी यांच्या राहणीवर लांब प्रकरणे होती. २०२२ मध्ये त्याच प्राण्यांचे आकडे नव्या पुस्तकात आले तेव्हा बहुतेक प्रकरणे गळाली. संपूर्ण वंशाला जन्मजात दुष्ट ठरवणाऱ्या वर्णनांवरचा आक्षेप हे त्यामागचे एक कारण होते, आणि तो आक्षेप योग्यच होता. तरी वर्णन सुधारून लिहिणे आणि वर्णनच काढून टाकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एका वाक्यातला तोल

बहुतेक भांडणे वाक्याच्या पातळीवर होतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधला ‘चिल टच’ नावाचा मंत्र पाहा. नावात थंडी आहे आणि स्पर्श आहे. २०१४ च्या नियमांत मात्र तो १२० फुटांवरून मारता येतो आणि त्याची इजा थंडीची नसून मृत्युशक्तीची आहे. नवा खेळाडू नाव वाचून शत्रूच्या अंगाशी जातो आणि मार खातो. इथे कथारंग नियमाविरुद्ध साक्ष देत होता. २०२४ च्या आवृत्तीत हा मंत्र खरोखर स्पर्शाचा केला गेला. इजा अजून मृत्युशक्तीचीच आहे. याउलट १९७८ च्या पुस्तकातला ‘फायरबॉल’. त्यासाठी वटवाघळाची विष्ठा आणि गंधक लागे. वटवाघळाच्या विष्ठेतून सोरा मिळतो हे ज्याला ठाऊक आहे त्याला बंदुकीच्या दारूचा वास लगेच येतो. जिन्नस लागतो हा नियम, पण तो कोणता हे वाचताना मंत्र फेकणाऱ्याचे हातही दिसतात.

साहसांच्या पुस्तिकांत खोल्यांची वर्णने चौकटीत देण्याची प्रथा १९८० च्या आसपास रुळली. गेम मास्टरने ती मोठ्याने वाचून दाखवायची. अशा चौकटीत पुष्कळदा असे काही असते: ‘दाराच्या करकरण्याने युगायुगांची शांतता भंगते, दालनातला अंधार तुम्हांला गिळू पाहतो आणि तुमच्या अंगावर काटा येतो.’ काटा आला की नाही हे खेळाडूने ठरवायचे असते, आणि या वाक्यातून त्याला करण्यासारखे काहीच मिळत नाही. तीच खोली अशीही लिहिता येते: ‘दार फुगलेले, जोर लावावा लागतो. मधोमध विहीर. रहाट गंजलेला, पण दोर नवा.’ नवा दोर पाहिला की टेबलावरचे सगळे पुढे झुकतात. ‘ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स’सारख्या अलीकडच्या प्रकाशनांनी अशी आटोपशीर, ठळक शब्दांची मांडणी जाणीवपूर्वक स्वीकारली आहे.

कायद्याची रेघ

अमेरिकी कायद्यात खेळाच्या यंत्रणेवर स्वामित्वहक्क मिळत नाही; ती ज्या शब्दांत मांडली त्यांवर मिळतो. २००० मध्ये विझार्ड्सने ‘ओपन गेम लायसन्स’ काढून आपल्या खेळाचे बरेच नियम इतर प्रकाशकांना मोफत वापरू दिले, पण नावे, पात्रे आणि जगे ‘प्रॉडक्ट आयडेंटिटी’ म्हणून राखून ठेवली. या दोन मजकुरांत कोणी प्रत्यक्ष कायद्याची रेघ ओढण्याचे हे सर्वांत मोठे उदाहरण. त्यासाठी मंत्रांची नावे सोलावी लागली. ‘मेल्फ्स अ‍ॅसिड अ‍ॅरो’चा खुल्या नियमांत नुसता ‘अ‍ॅसिड अ‍ॅरो’ झाला, ‘टेन्सर्स फ्लोटिंग डिस्क’ची ‘फ्लोटिंग डिस्क’. मेल्फ हे गायगॅक्सच्या मुलाने घरच्या टेबलावर खेळलेले पात्र. २०२३ च्या जानेवारीत परवान्यातल्या प्रस्तावित बदलांवरून मोठा विरोध झाला, तेव्हा कंपनीने पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले केले. तो बाण आता कोणीही आपल्या पुस्तकात छापू शकतो. मेल्फचे नाव त्यावर नाही.