सामंजस्य करार आणि कार्यादेश : शासन-विद्यापीठ सॉफ्टवेअर प्रकल्पातील दोन कागद

जिल्हाधिकारी कार्यालयाच्या सभागृहात अधिकारी आणि कुलगुरू फाइलींची अदलाबदल करतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र झळकते आणि तालुका कृषी कार्यालयापर्यंत समज असा पोहोचतो की आता विद्यापीठ आपल्याला ॲप करून देणार. त्या फाइलीत बहुधा सामंजस्य करार, म्हणजे एमओयू असतो. ॲप करून देण्याचे बंधन ज्या कागदाने येते तो कार्यादेश, कार्यालयीन बोलीतली वर्क ऑर्डर, कुणी काढलेलाच नसतो. उलटही घडते. प्रश्न नेमका काय आहे हे कुणालाच ठाऊक नसताना मार्चअखेरच्या घाईत थेट कार्यादेश निघतो. विदर्भातील ग्रामीण तालुक्यांसाठी विद्यापीठ किंवा अभियांत्रिकी महाविद्यालय हाच अनेकदा जवळचा तांत्रिक आधार असतो, त्यामुळे ही गल्लत तिथे अधिक महागात पडते.

सामंजस्य करारात दोन संस्था एकत्र काम करण्याची इच्छा नोंदवतात, सहकार्याची क्षेत्रे आणि मुदत ठरवतात, दोन्हीकडचे समन्वयक नेमतात आणि पुष्कळदा ‘या करारामुळे कोणत्याही पक्षावर आर्थिक दायित्व येणार नाही’ असे कलमही घालतात. कार्यादेशात मात्र कामाची व्याप्ती, टप्पे, प्रत्येक टप्प्याची रक्कम, काम स्वीकारण्याच्या अटी आणि विलंबाचे परिणाम लिहिलेले असतात. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर पहिला कागद साक्षगंधाचा आहे, लग्नाचा नव्हे.

तरीही केवळ शीर्षकावर विसंबू नये. भारतीय करार अधिनियम, 1872 कागदाचे नाव पाहत नाही; सक्षम पक्षांची मुक्त संमती, मोबदला आणि कायदेशीर उद्देश आहे की नाही हे पाहतो. जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने 2018 मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, ज्यात अकोला, अमरावती, बुलढाणा, वाशिम, यवतमाळ आणि वर्धा या जिल्ह्यांतील गावे होती, पाण्याच्या ताळेबंदाची प्रणाली आयआयटी मुंबईने विकसित केली. त्या सहकार्याचे कागद सामंजस्य करार याच नावाचे होते, पण टप्प्याटप्प्याने काय सोपवायचे हेही त्यांत ठरलेले होते. सही करणाऱ्याचा अधिकार हा आणखी एक मुद्दा. राज्य शासनाच्या वतीने होणारा करार संविधानाच्या अनुच्छेद 299 प्रमाणे राज्यपालांच्या नावे आणि त्यासाठी प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्यानेच करावा लागतो. जिल्हा परिषद ही स्वतंत्र वैधानिक संस्था असल्याने तिची रीत निराळी.

दोन्ही कागदांचे खरे काम एखाद्या छोट्या प्रणालीच्या तपशिलात शिरल्यावरच कळते. समजा, कापसावरील गुलाबी बोंडअळीच्या पतंगांची नोंद ठेवणारे ॲप करायचे आहे. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यात, सलग 3 रात्री प्रत्येक सापळ्यात 8 पतंग सापडले की आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असे मानतात, आणि ॲपने तेव्हा इशारा द्यायचा आहे. ऐकायला हा नियम दोन ओळींचा वाटतो. मधल्या रात्रीची नोंद आलीच नाही तर ती शून्य धरायची की रिकामी? शून्य धरल्यास सलगता तुटते आणि इशारा जात नाही. रिकामी धरल्यास किती दिवस वाट पाहायची हे कुणीतरी ठरवले पाहिजे. झरी जामणी किंवा धारणी तालुक्यात नेटवर्कअभावी फोनमध्येच अडकलेली नोंद तीन दिवसांनी सर्व्हरवर पोहोचली, तर हिशेबात टिपल्याची तारीख घ्यायची की पोहोचल्याची? रिठी गावांचे काय, जिथे वस्ती नाही पण शिवारात कापूस उभा आहे? वस्ती असलेल्या गावांची यादी घेऊन ॲप बांधले तर ते शिवार यादीत सापडणारच नाही आणि कृषी सहायक शेजारच्या गावाच्या नावावर नोंद करून मोकळा होईल.

हे निर्णय सामंजस्य करारातून होत नाहीत, कारण तिथे एवढ्या बारकाव्याला जागाच नसते. अननुभवी कार्यादेशातूनही होत नाहीत, कारण ‘पतंगांची नोंद घेणारे ॲप’ एवढीच व्याप्ती लिहिली की विद्यापीठ नेमके तेवढेच देते आणि तक्रारीला जागा उरत नाही. माझ्या मते आधी सामंजस्य करार, त्याच्या आधाराने दोन-चार गावांतला अल्पखर्चाचा अभ्यास आणि त्या अभ्यासाची निरीक्षणे परिशिष्ट म्हणून जोडूनच कार्यादेश, हाच क्रम शहाणपणाचा. ज्या प्रश्नाचे उत्तर अजून शोधायचे आहे त्याला कार्यादेश लावला, तर संशोधकाला शिवारात जे दिसले ते बाजूला राहते आणि आदेशात आधीच जे लिहिले होते तेच अहवालात उतरते. महाराष्ट्रात 2009 पासून चाललेल्या क्रॉपसॅप या कीड-रोग सर्वेक्षण प्रकल्पात कृषी विभाग, कृषी विद्यापीठे आणि केंद्रीय संशोधन संस्था एकत्र आहेत. शिवारातली निरीक्षणे कृषी विभागाची यंत्रणा नोंदवते आणि शास्त्रज्ञ त्यांवरून सल्ला देतात. ही वाटणी आधीच स्पष्ट असल्याशिवाय कोणताही कागद उपयोगाचा नाही.

पैशाच्या बाबतीत फरक थोडक्यात असा. संशोधन अनुदान म्हणून रक्कम आली तर खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. कार्यादेशाखाली सल्लासेवा दिली तर बिल निघते आणि त्यावर सामान्यतः 18 टक्के वस्तू व सेवा कर लागतो. आयकर अधिनियम, 1961 च्या कलम 35 खाली अधिसूचित असलेल्या विद्यापीठांना अनुदानातून केलेल्या संशोधन सेवेवर ऑक्टोबर 2024 पासून या करातून सूट मिळाली आहे. म्हणून एकाच कामाला पत्रात ‘अनुदान’ आणि आदेशात ‘शुल्क’ म्हणू नये. लेखापरीक्षक नेमके तिथेच बोट ठेवतो.

त्याहून गंभीर प्रश्न आज्ञावली, म्हणजे ॲपचा कोड, कुणाची हा आहे, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. कॉपीराइट अधिनियम, 1957 च्या कलम 17 नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नियोक्ता असतो. विद्यार्थी मात्र विद्यापीठाचा नोकर नसतो. अंतिम वर्षाच्या चार मुलांनी लिहिलेला कोड लेखी हस्तांतरणाशिवाय विद्यापीठाचाही होत नाही, मग विद्यापीठ तो शासनाला देणार कसे? हस्तांतरण लिहिलेच, पण मुदत लिहायची राहिली, तर कलम 19 प्रमाणे ती 5 वर्षांची धरली जाते. सामंजस्य करारातले ‘बौद्धिक संपदा परस्पर संमतीने ठरवली जाईल’ हे वाक्य वाचायला गोड आहे, पण त्यातून काहीच ठरत नाही. केंद्र शासनाने 2015 मध्ये शासकीय ॲप्लिकेशनचा सोर्स कोड खुला करून सहयोगाने विकास करण्याचे धोरण आणले आहे. कोड खुला ठेवायचा असेल तर कोणत्या परवान्याखाली, हे कार्यादेशातच लिहावे. मालकी ठरलेली नसेल तर खुला परवाना देण्याचा अधिकारही कुणाकडे नसतो.

वेळापत्रकाचा मुद्दा दोन्ही कागदांत हमखास सुटतो. अंतिम वर्षाचा प्रकल्प जुलै-ऑगस्टात सुरू होऊन एप्रिल-मे मध्ये संपतो, निधीचे वर्ष 31 मार्चला संपते आणि कापसाचा हंगाम जूनमध्ये पेरणीने सुरू होतो. म्हणजे ॲप तयार होते तेव्हा शिवारात पऱ्हाट्या उपटलेल्या असतात, आणि सापळे लागतात तेव्हा ते लिहिणारी मुले पदवी घेऊन पुण्याला गेलेली असतात. त्यामुळे स्वीकृती चाचणी मार्चऐवजी सप्टेंबरात, पात्या-फुले लागल्यावर, निवडलेल्या गावांतल्या खऱ्या सापळ्यांवर घ्यावी आणि शेवटचा हप्ता त्या चाचणीला बांधावा. मार्चअखेर निधी परत जाण्याची भीती असेल तर अभ्यासाचा आणि पहिल्या आवृत्तीचा टप्पा चालू वर्षात, चाचणी आणि देखभालीचा टप्पा पुढील वर्षाच्या तरतुदीत दाखवावा, आणि देखभालीसाठी विद्यार्थ्याऐवजी विद्यापीठाच्या सेवेतील एका अध्यापकाचे पदनाम कार्यादेशात नोंदवावे.