नेक्स्ट-सर्व्हर आणि ऑप्शन ६६: दिसायला सारखे, जागा वेगळ्या

डीएचसीपी सर्व्हरवर (नेटवर्कमधल्या मशीनना आयपी पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरवर) नेटवर्क बूट, म्हणजे डिस्कऐवजी नेटवर्कवरून मशीन सुरू करणं, लावायचं तर दोन गोष्टी सांगाव्या लागतात: बूटची फाइल कुठल्या मशीनवर आहे आणि तिचं नाव काय. नावाचा घोळ फारसा होत नाही. मशीनच्या पत्त्याचा मात्र हमखास होतो. एक जण सांगतो 'नेक्स्ट-सर्व्हर भर', दुसरा सांगतो 'ऑप्शन ६६ भर', आणि ऐकणाऱ्याला वाटतं की गोष्ट एकच, फक्त लिनक्सकडे तिला एक नाव आहे आणि विंडोजकडे दुसरं. मीही बरीच वर्षं असंच समजत होतो. प्रत्यक्षात पॅकेटमध्ये त्या दोन वेगळ्या जागा आहेत, आणि बूट होणारं मशीन त्यांतली कुठली जागा वाचतं त्यावर सगळा खेळ असतो.

हे नीट कळायला थोडं मागे जावं लागतं. डीएचसीपीचं पॅकेट मुळात बूटपी या त्याच्या आधीच्या प्रोटोकॉलचं आहे. आरएफसी ९५१ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे प्रोटोकॉल लिहून ठेवणारे दस्तऐवज) १९८५ साली बूटपीचा साचा ठरला, आणि त्यात तीन ठरलेल्या जागा होत्या: पुढच्या सर्व्हरचा पत्ता म्हणजे 'एसआयॲडर', ४ बाइटची; सर्व्हरचं नाव म्हणजे 'एसनेम', ६४ बाइटची; आणि फाइलचं नाव, १२८ बाइटचं. डीएचसीपीने हा साचा जसाच्या तसा घेतला आणि शेवटी ऑप्शन, म्हणजे क्रमांक दिलेले जादा माहितीचे तुकडे, जोडायला जागा ठेवली. कॉन्फिगमध्ये आपण 'नेक्स्ट-सर्व्हर' लिहितो तेव्हा भरला जातो तो एसआयॲडर.

मग ऑप्शन ६६ आला कुठून? ऑप्शन वाढत गेले की पॅकेटमध्ये जागा पुरेना. त्यावर उपाय असा निघाला की एसनेम आणि फाइलच्या रिकाम्या जागांतही ऑप्शन कोंबायचे आणि तसं केल्याची खूण ऑप्शन ५२ मध्ये ठेवायची. पण मग तिथे मुळात जे लिहायचं ते कुठे लिहायचं? १९९७ च्या आरएफसी २१३२ ने त्यासाठी दोन पर्यायी जागा दिल्या: एसनेमची जागा वापरली गेली असेल तर ऑप्शन ६६, फाइलची वापरली गेली असेल तर ऑप्शन ६७.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते इथेच आहे. ऑप्शन ६७ हा फाइलच्या जागेचा जुळा भाऊ आहे, त्यामुळे तिथे गोंधळ कमी. ऑप्शन ६६ हा एसनेमचा जुळा आहे. एसआयॲडरचा तो कोणीच लागत नाही. एसआयॲडरला ऑप्शनमध्ये जोडीदार दिलाच गेला नाही, कारण त्या जागेत ऑप्शन कोंबायची सोयच नव्हती. ती कायम मोकळी राहणार होती.

बाइट समोर ठेवले की फरक लगेच डोळ्यांत भरतो. टीएफटीपी सर्व्हर, म्हणजे बूटची फाइल देणारा सर्व्हर, १९२.०.२.१० वर आहे असं धरू. नेक्स्ट-सर्व्हर भरला तर पॅकेटच्या हेडरमध्ये सुरुवातीचे २० बाइट सोडून पुढचे चार असतील १९२, ०, २, १०. बस, एवढंच. तोच पत्ता ऑप्शन ६६ मध्ये टाकला तर जातं ते असं: ६६, मग लांबी १०, मग ४९, ५७, ५०, ४६, ४८, ४६, ५०, ४६, ४९, ४८. म्हणजे '१', '९', '२', टिंब अशी अक्षरं, एकेक करून. पहिला पत्ता आहे, दुसरा मजकूर आहे. मजकूर घेणाऱ्याला तो आधी वाचून त्याचा पत्ता बनवावा लागतो, आणि तिथे पत्त्याऐवजी होस्टनेम असेल तर डीएनएसला विचारावं लागतं. नेटवर्क कार्डावरच्या जुन्या बूट रॉमकडून ती अपेक्षा ठेवू नये.

आणखी एक फरक सहज नजरेआड होतो. हेडरमधली जागा प्रत्येक उत्तरात जातेच, भरलेली असो वा शून्य. ऑप्शन सर्व्हर साधारणपणे तेव्हाच पाठवतो जेव्हा क्लायंटने ऑप्शन ५५ च्या यादीत तो मागितलेला असतो. क्लायंटने ६६ मागितलाच नाही, तर तुम्ही तो कितीही काळजीपूर्वक भरलेला असला तरी तो वायरवर जाईलच असं नाही.

आता कोण काय वाचतं ते बघू. ईडीके२ हा यूईएफआयचा (बायोसच्या जागी आलेल्या फर्मवेअरचा) खुला कोड आहे आणि अनेक फर्मवेअर त्याच्यावर उभी आहेत. साध्या डीएचसीपीवरून बूट करताना तो एसआयॲडर बघतो. तिथे शून्य असेल तर ऑप्शन ५४ मधला पत्ता धरतो, म्हणजे ज्या डीएचसीपी सर्व्हरने उत्तर दिलं त्याचाच. ऑप्शन ६६ या निवडीत कुठेच नाही. छोट्या बोर्डांवर चालणारा यू-बूट हा बूटलोडरही आपला सर्व्हर-आयपी एसआयॲडरवरूनच घेतो.

ही ५४ कडे वळायची सवयच माणसाला फसवते. डीएचसीपी आणि टीएफटीपी एकाच मशीनवर असतील तर ६६ भरला काय, न भरला काय, बूट होतंच. आणि भरणाऱ्याची खात्री पटते की ६६ मुळेच झालं. मी एकदा टीएफटीपी वेगळ्या मशीनवर हलवला आणि ६६ मध्ये नवा पत्ता टाकला. दुसऱ्या दिवशी एकही मशीन उठेना. स्क्रीनवर नेटवर्क बूटची चूक: पीएक्सई-ई३२, टीएफटीपी ओपन टाइमआउट. मी नव्या मशीनचा फायरवॉल उघडला, परवानग्या तपासल्या, टीएफटीपी तीनदा नव्याने सुरू केला. नव्या मशीनच्या लॉगमध्ये मात्र एकही विनंती आलेली नव्हती. त्या सगळ्या जुन्याच मशीनकडे जात होत्या, जिथे आता पोर्ट ६९ वर ऐकायला कोणी नव्हतं. पॅकेट पकडून पाहिल्यावर एसआयॲडरमध्ये ०.०.०.० दिसलं आणि उलगडा झाला. तेव्हापासून ई३२ दिसला की मी आधी विनंती कुणाकडे गेली ते बघतो, टीएफटीपीला नंतर हात लावतो.

आता डीएचसीपी सर्व्हरच्या बाजूने बघू. आयएससी या संस्थेच्या जुन्या डीएचसीपीडी सर्व्हरमध्ये 'नेक्स्ट-सर्व्हर' एसआयॲडर भरतो, 'सर्व्हर-नेम' एसनेम भरतो, आणि 'ऑप्शन टीएफटीपी-सर्व्हर-नेम' हा ६६. तिन्हीला स्वतंत्र ओळ आहे, म्हणून तिथे नेमकं काय केलं ते कळतं. नेक्स्ट-सर्व्हर लिहिलाच नाही तर शून्य जातं. त्याच संस्थेच्या नव्या कीआ सर्व्हरमध्येही 'नेक्स्ट-सर्व्हर', 'सर्व्हर-होस्टनेम' आणि 'बूट-फाइल-नेम' वेगवेगळे आहेत. डीएनएसमास्क या छोट्या सर्व्हरच्या 'डीएचसीपी-बूट'मध्ये हे सगळं एकाच ओळीत स्वल्पविरामाने येतं: आधी फाइल, मग सर्व्हरचं नाव, मग पत्ता. मधलं नाव नको असेल तर दोन स्वल्पविराम लागोपाठ द्यावे लागतात. एक विसरला की पत्ता नावाच्या जागी जाऊन बसतो, आणि आपण नकळत पुन्हा याच घोळात येतो. विंडोजच्या डीएचसीपीत स्कोप (वाटायच्या पत्त्यांचा एक गट) ऑप्शनमध्ये ०६६ 'बूट सर्व्हर होस्ट नेम' आणि ०६७ 'बूटफाइल नेम' एवढंच समोर येतं, नेक्स्ट-सर्व्हर हा शब्दच दिसत नाही. दोन्ही एकच हा समज बहुधा तिथूनच पसरला असावा.

६६ निरुपयोगी आहे असं अजिबात नाही. बरेच आयपी फोन आपली सेटिंग आणायला तोच वाचतात, आणि कित्येकांना तिथे अख्खी यूआरएलही चालते. सिस्कोच्या फोनसाठी ऑप्शन १५० आहे. त्यात मजकूर नसतो, चार-चार बाइटचे पत्ते असतात, एकाहून जास्त देता येतात. फोन आणि बूट होणारी मशीनं एकाच स्कोपमध्ये असतील तर ६६ फोनसाठी आणि एसआयॲडर बूटसाठी, असे दोन वेगळे पत्ते बिनधास्त देता येतात. या दोन जागा वेगळ्या असण्याचा खरा फायदा मला इथे मिळाला.

यूईएफआयच्या एचटीटीपी बूटमध्ये हा प्रश्नच बाजूला पडतो, कारण फाइलच्या नावाच्या जागी पूर्ण यूआरएल असते आणि सर्व्हर त्यातच आला. आयपीव्ही६ मध्येही तसंच: तिथे एसआयॲडर नावाची जागाच नाही, ऑप्शन ५९ मधून यूआरएल जाते.

बाकी सगळीकडे, म्हणजे आयपीव्ही४ वर टीएफटीपीने बूट करताना, मी आधी नेक्स्ट-सर्व्हर भरतो आणि मग वायरशार्कमध्ये (पॅकेट पकडून दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) ऑफरचं, म्हणजे सर्व्हरच्या पहिल्या उत्तराचं, पॅकेट उघडतो. वर हेडरमध्ये 'नेक्स्ट सर्व्हर आयपी ॲड्रेस' अशी ओळ असते, आणि खाली ऑप्शनच्या यादीत ६६ आला असेल तर तोही दिसतो. सेटिंगच्या स्क्रीनपेक्षा मी या दोन ओळींवर विश्वास ठेवतो, कारण काही सर्व्हर ऑप्शनमध्ये भरलेलं स्वतःहून हेडरमध्येही उतरवतात, काही उतरवत नाहीत, आणि स्क्रीनवरून ते कळत नाही.