पार्श्वभूमी : ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपचा ॲक्सल रेशो

अमेरिकेत पिकअप घेताना ऑर्डर फॉर्मवर ३.३१, ३.५५, ३.७३, ४.१० असे आकडे समोर येतात. हा ॲक्सल रेशो : चाकाच्या एका फेऱ्यासाठी प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गियरबॉक्सचा जोर ॲक्सलपर्यंत नेणारा दांडा, किती फेरे फिरतो तो आकडा. ट्रेलर ओढायचा असेल तर यातला कोणता घ्यायचा, आणि चुकीचा घेतला गेला असेल तर नंतर बदलावा का, हा वाद जुना आहे. आज तो ज्या शब्दांत घातला जातो ते शब्द मात्र १९७५ ते १९९५ या वीस वर्षांत घडले. त्याआधीचा काळ थोडक्यात आटोपता येतो.

सुरुवातीच्या ट्रकांना वेग नव्हता आणि रेशोत फारशी निवडही नव्हती. १९१७ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीटी ट्रकमध्ये मागच्या ॲक्सलला वर्म गियर होता आणि त्याचा रेशो ७.२५ होता. त्याच काळातल्या मॉडेल टी मोटारीचा रेशो ३.६४ होता, म्हणजे ॲक्सलमधल्या मोठ्या चक्राला, क्राउनला, ४० दाते आणि त्याला फिरवणाऱ्या लहान पिनियनला ११. टीटीसाठी ५.१७ चा पर्याय मिळे. त्याने गाडी जरा पळायची, पण चढावर तितकीच लवकर दमायची. निवडीचा पेच तेव्हापासून आहे तसाच आहे. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात हायपॉइड क्राउन-पिनियन आले. पिनियन क्राउनच्या मध्यरेषेखाली सरकवता आल्यामुळे दाते मोठे आणि मजबूत झाले, आवाज कमी झाला, आणि आजच्या बहुतेक पिकअपांच्या मागच्या ॲक्सलमध्ये हीच मांडणी असते. मोठ्या ट्रकांना दोन-वेगी ॲक्सलही मिळत. पिकअपमध्ये ती प्रथा रुजली नाही.

१९६०च्या दशकात आणि १९७०च्या सुरुवातीला तीन गियरचा ऑटोमॅटिक आणि मोठे इंजिन ही नेहमीची जोडी होती. टॉप गियर थेट, म्हणजे १.००. त्यामुळे महामार्गावर इंजिन किती फिरणार हे ॲक्सल आणि टायर या दोनच गोष्टींवर ठरायचे. ट्रेलरवाला ४.१० घ्यायचा, पेट्रोलचा खर्च सोसायचा, आणि त्याबद्दल कोणाला काही समजावून सांगावे लागत नसे.

१९७३ च्या तेलसंकटाने हे गणित बदलले. १९७४ च्या सुरुवातीला देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. १९७५ अखेरच्या कायद्याने कंपन्यांना ताफ्याच्या सरासरी इंधनवापराचे बंधन घातले आणि १९७९ च्या मॉडेलांपासून ते हलक्या ट्रकांनाही लागू झाले. इंजिनाचे फेरे कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे क्राउन-पिनियन बदलणे. नवे इंजिन नको, नवा साचा नको, फक्त दात्यांची संख्या वेगळी. म्हणून अर्ध्या टनाच्या पिकअपांना ३.०८, २.७३ असे रेशो मूळ किमतीतच बसून येऊ लागले आणि ओढायला योग्य रेशो जादा पैसे भरून मागायची गोष्ट झाली. हे बंधन काही काळातच ८,५०० पौंडांपर्यंतच्या एकूण वजनाच्या गाड्यांपुरते स्थिरावले. त्यावरचे पाऊण टन आणि एक टनाचे ट्रक मोकळे राहिले. ४.१० तिथे टिकला आणि खाली नाहीसा होत गेला, त्यामागे यांत्रिक कारणापेक्षा वजनाची ही रेषा जास्त आहे. पुढे अनेकांनी ‘४.१० म्हणजे हेवी ड्युटी’ असे समीकरण मनाशी पक्के केले, त्याचे मूळ इथे आहे.

खरा वादाचा निर्णय यानंतरचा आहे. १९८० ते १९८२ च्या सुमारास ओव्हरड्राइव्ह, म्हणजे १.०० हून लहान शेवटचा गियर, असलेले चार गियरचे ऑटोमॅटिक आले. त्यांतल्या ७००आर४ या गियरबॉक्सचे गियर होते ३.०६, १.६३, १.०० आणि ०.७०. तेव्हाच्या तीन-गियरी टीएच३५० चा पहिला २.५२ होता. कंपन्यांचा युक्तिवाद असा : पहिला गियरच इतका खोल दिला आहे की ॲक्सल उंच, म्हणजे लहान आकड्याचा, ठेवला तरी बिघडत नाही. गुणाकार करून पाहिला तर तो बरोबर निघतो. जुन्या २.५२ ला ४.१० ने गुणले तर १०.३ येतात. नव्या ३.०६ ला ३.४२ ने गुणले तर १०.५. म्हणजे ३.४२ ची नवी गाडी ४.१० च्या जुन्या गाडीइतक्याच जोराने जागेवरून हलणार. ३.०८ घेतला तरी ९.४ मिळतात.

पण ट्रेलर ओढणाऱ्याची अडचण जागेवरून हलण्याची कधीच नव्हती. अडचण होती ताशी ५० मैलांच्या वेगात लांब चढ चढण्याची. ३१ इंच व्यासाचे टायर धरू. ३.०८ ॲक्सलवर तिसऱ्या गियरमध्ये त्या वेगाला इंजिन सुमारे १,६७० फेऱ्यांवर असते. तिथे कार्ब्युरेटरच्या व्ही८ ला चार-पाच हजार पौंडांचा ट्रेलर घेऊन चढण्याइतकी ताकद नसते. दुसऱ्यात टाकले की २,७०० च्या पुढे. मधे काही नाही. गाडी या दोन गियरांमध्ये वरखाली करत राहते, इंजिन आणि गियरबॉक्स यांना तेलातून जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरचे लॉकअप, म्हणजे थेट पकड, सुटते, आणि सुटलेला कन्व्हर्टर आपली सगळी उष्णता गियरबॉक्सच्या तेलात सोडतो. त्याच ठिकाणी ४.१० असता तर तिसऱ्यातच २,२०० च्या आसपास फेरे मिळाले असते. गियर बदलायची गरज पडली नसती, तेलही तापले नसते. जळलेल्या गियरबॉक्सचा दोष त्या काळात बहुधा गियरबॉक्सच्या माथी मारला गेला. माझ्या मते त्यातला मोठा वाटा ॲक्सलच्या निवडीचा होता.

ओढताना ओव्हरड्राइव्ह बंद ठेवा, ही मालक-पुस्तिकांतली सूचना याच काळातली. ती पाळली की ०.७० चा सगळा फायदा गेला आणि हाती उरला तीन-गियरी गाडीचा टॉप गियर, तोही उंच ॲक्सलसह. उलट ४.१० आणि ओव्हरड्राइव्ह एकत्र घेतले तर ताशी ६५ मैलांना रिकामी गाडी साधारण २,००० फेऱ्यांवर आरामात चालते आणि ओढताना तिसरा गियर कामाचा राहतो. ओव्हरड्राइव्हचा लाभ ट्रेलरवाल्याच्या पदरात टाकणारी जोडी हीच होती. कंपन्यांनी तो लाभ इंधनाच्या आकड्यात वसूल केला. रिकाम्या पिकअपने रोज कामाला जाणाऱ्यांची संख्या मोठी होती आणि त्यांचे पेट्रोल वाचले, ही दुसरी बाजूही खरी आहे.

रेशो नंतर बदलून घेण्याचा धंदा वाढला तो या उंच ॲक्सलांमुळे, आणि त्याला हातभार लावला मोठ्या टायरांनी. ३१ इंचांच्या जागी ३५ इंचांचे टायर घातले की ३.७३ चा परिणाम ३.३० इतका उरतो. पूर्वीची ओढ परत मिळवायला ४.२१ लागेल. तो मिळत नाही, म्हणून ४.१० किंवा ४.३० घ्यावा लागतो. ओढणाऱ्याने वरचा घ्यावा.

हे काम वाटते त्याहून नाजूक आहे. एका डिफरन्शियलचा कॅरियर, म्हणजे क्राउन ज्यावर बसतो ते कवच, सगळ्या रेशोंना चालत नाही. पिनियनचे दाते कमी झाले की पिनियन बारीक होतो आणि क्राउनला त्याच्याकडे सरकावे लागते, त्यासाठी वेगळ्या बैठकीचा कॅरियर किंवा जाड क्राउन लागतो. डाना कंपनीच्या ‘डाना ४४’ ॲक्सलमध्ये ३.७३ पर्यंत एक कॅरियर आणि ३.९२ पासून दुसरा. डाना ६० मध्ये ही सीमा ४.१० आणि ४.५६ च्या मधे आहे. बारीक पिनियन तुलनेने कमजोरही असतो, आणि ४.५६ कडे झेपावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवे : ३.७३ च्या ४१ दातांच्या क्राउनसमोर ११ दातांचा पिनियन असतो, ४.५६ मध्ये फक्त ९ दातांचा. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर पुढचा ॲक्सलही बदलणे भाग आहे, म्हणजे खर्च दुप्पट. मागे ४.१० आणि पुढे ४.०९ असा बारीक फरक कंपन्यांनी स्वतः चालवलेला आहे. ३.५५ आणि ४.१० मात्र कोरड्या रस्त्यावर एकत्र जोडले तर ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलांना जोर वाटणाऱ्या पेटीवर, ताण येतो.

बसवण्यातली कसोटी पिनियनच्या नटपाशी लागते. बऱ्याच ॲक्सलांत दोन बेअरिंगांच्या मधे एक पातळ नळी असते, ती नट आवळताना चिरडत जाऊन बेअरिंगांवर नेमका दाब धरते. शेवटच्या टप्प्यात नट केसभर फिरवायचा, पिनियन हाताने फिरवून त्याचा अडसर मोजायचा, पुन्हा केसभर. मर्यादा ओलांडली तर नट सैल करून चालत नाही, कारण चिरडलेली नळी परत ताठ होत नाही. सगळे उघडून नवी घालावी लागते. मग क्राउनच्या दातांना पिवळी पेस्ट लावून चक्र फिरवतात. पिनियनने पेस्ट पुसलेला डाग दाताच्या मध्यावर पसरलेला हवा. तो दाताच्या माथ्यावर चढला किंवा मुळाशी उतरला तर पिनियनची खोली चुकली आहे आणि शिम, म्हणजे अंतर साधणारी पातळ चकती, बदलून पुन्हा सुरुवात. दोन दातांमधली मोकळीक साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर ठेवतात. नवे गियर पहिले ५०० मैल ट्रेलरशिवाय चालवून तेल बदलायचे, हा दंडक आहे. घाई करून पहिल्याच आठवड्यात ओझे लावले तर दातांचा पृष्ठभाग तापून निळा पडतो.

रेशो बदलला म्हणून ओढण्याची अधिकृत क्षमता बदलते का, हा प्रश्न अलीकडचा आहे. इंजिन तेच, केबिन तीच, फक्त ॲक्सल वेगळा, तरी कंपन्यांच्या तक्त्यांत क्षमतेत हजार पौंडांहून जास्त फरक दिसतो. म्हणून तेवढाच आकडा बदलून तेवढीच क्षमता मिळेल असे लोकांना वाटते. तसे होत नाही. जादा रेशो कारखान्यात अनेकदा मोठ्या कूलरसोबत, काही वेळा मोठ्या क्राउनच्या ॲक्सलसोबत येतो, आणि तक्त्यातला आकडा त्या सगळ्या संचाचा असतो.

हे तक्तेही पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या मोजमापाने काढत असे. २००८ मध्ये सामायिक मापदंड आला. एका कंपनीने तो २०११ च्या मॉडेलपासून स्वीकारला, बाकीच्या एकमेकींकडे पाहत थांबल्या, आणि अर्ध्या टनाच्या वर्गात तो २०१५ च्या सुमारास सर्वत्र पोहोचला. त्यातली मुख्य परीक्षा ॲरिझोनातल्या राज्य महामार्ग ६८ वरच्या डेव्हिस डॅम चढाची : ११.४ मैल, किमान १०० अंश फॅरनहाइट, एसी पूर्ण चालू, आणि एकेरी मागच्या चाकांच्या पिकअपने वेग ताशी ४० मैलांखाली येऊ द्यायचा नाही. दुसरी परीक्षा १२ टक्के चढावर थांबून पुन्हा निघण्याची. पहिलीत टॉपच्या आसपासचे गियर आणि थंड राखण्याची यंत्रणा पारखली जाते, दुसरीत पहिला गियर गुणिले ॲक्सल. तीस वर्षांपूर्वी ट्रेलरवाले सांगत होते तेच या चढाने नियमात बसवले.

दरम्यान गियरबॉक्सने बरेच काम अंगावर घेतले. सहा, आठ, आणि २०१७ पासून दहा गियर. दहा-गियरी बॉक्सचा पहिला ४.७० च्या घरात असतो. त्याला ३.२३ चा ॲक्सल जोडला तरी गुणाकार १५ च्या वर जातो, जुन्या ४.१० च्या दीडपट. चढावर १.००, १.२८, १.५२, १.७७ अशा जवळजवळच्या पायऱ्या असल्याने मधली दरी भरली. डिझेलमध्ये तर जोर खालच्याच फेऱ्यांना मिळतो आणि इंजिन ३,००० च्या थोडे वर आवरते, म्हणून तिथे ३.३१ आणि ३.५५ ही आता सामान्य निवड आहे.

तरी ॲक्सलचा आकडा निरर्थक ठरलेला नाही. चाकाला तेवढीच ओढ द्यायची असेल तर जास्त रेशोच्या ॲक्सलमागे गियरबॉक्स आणि प्रोपेलर शाफ्ट यांना कमी पीळ सोसावा लागतो. दहा गियर असले तरी हा हिशेब तोच राहतो, आणि वर्षभर ओझे ओढणाऱ्या गाडीत तो गियरबॉक्सच्या आयुष्यात उतरतो. जुनी गाडी घेणाऱ्याला आपला रेशो शोधायचा असेल तर दाराच्या चौकटीवरचा कोड पाहावा, किंवा जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत ग्लोव्ह बॉक्समधले लेबल : तिथे जीयू६ म्हणजे ३.४२, जीटी४ म्हणजे ३.७३, जीटी५ म्हणजे ४.१०. आधीच्या मालकाने गियर बदलले असतील तर लेबल खोटे ठरते. तेव्हा मागचे एक चाक टेकलेले ठेवून दुसरे उचलावे, उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवावे आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजावे. साध्या, लॉक नसलेल्या डिफरन्शियलमध्ये शाफ्ट पावणेचारच्या आसपास फिरला तर आत ३.७३ आहे.