सकाळची ती वेळ कोणाची? फ्रेड फ्रेंडली यांच्या राजीनाम्यामागची गोष्ट

१० फेब्रुवारी १९६६. व्हिएतनाम युद्धाबद्दल माजी राजदूत जॉर्ज केनन अमेरिकी सिनेटच्या परराष्ट्र व्यवहार समितीपुढे साक्ष देत होते. एनबीसी ही अमेरिकी दूरचित्रवाहिनी ती थेट दाखवत होती. तिची प्रतिस्पर्धी असलेल्या सीबीएसवर त्याच वेळी ‘आय लव्ह लूसी’ या विनोदी मालिकेचा जुना भाग पुन्हा लागला होता. पाच दिवसांनी सीबीएसच्या वृत्तविभागाचे अध्यक्ष फ्रेड फ्रेंडली यांनी याच्या निषेधार्थ पद सोडलं.

फ्रेंडली मूळचे नभोवाणीतले. १९३७ मध्ये प्रॉव्हिडन्सच्या एका केंद्रावर थोरामोठ्यांची छोटी चरित्रं सांगत त्यांनी सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धानंतर सीबीएसचे नामवंत पत्रकार एडवर्ड मरो यांच्याशी जोडी जमली आणि १९५१ मध्ये दोघांनी ‘सी इट नाऊ’ हा साप्ताहिक कार्यक्रम सुरू केला. पडद्यावर मरो असत, निर्मितीची बाजू फ्रेंडली सांभाळत.

९ मार्च १९५४ चा भाग आजही आठवला जातो. लोकांवर कम्युनिस्ट असल्याचे आरोप करत सुटलेले सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्या आरोपसत्राचा पोकळपणा त्यात त्यांच्याच चित्रफितींतून दाखवला होता. सीबीएसनं कार्यक्रम होऊ दिला, पण त्याची जाहिरात करायला नकार दिला. मग मरो आणि फ्रेंडली यांनी पदरचे पैसे घालून न्यूयॉर्क टाइम्समध्ये जाहिरात छापली. या सगळ्या कारकिर्दीत मला हा तपशील फार बोलका वाटतो. मोकळीक होती, पण पाठीशी कोणी उभं राहत नव्हतं. पुढच्याच वर्षी मोठ्या बक्षिसांच्या प्रश्नमंजूषा आल्या, त्यांनी खोऱ्यानं पैसा ओढला, आणि ‘सी इट नाऊ’ची दर आठवड्याची ठरलेली वेळ गेली. १९५८ मध्ये कार्यक्रमच बंद झाला.

१९६४ मध्ये फ्रेंडली वृत्तविभागाचे अध्यक्ष झाले. तेव्हा अडचण आली तर थेट सीबीएसचे सर्वेसर्वा विल्यम पेली किंवा कंपनीचे अध्यक्ष फ्रँक स्टँटन यांचं दार ठोठावता येत होतं. १९६६ च्या फेरबदलात त्यांच्या आणि फ्रेंडली यांच्या मध्ये जॉन श्नायडर हे नवे वरिष्ठ आले. केनन यांची साक्ष थेट दाखवायला त्यांनीच नकार दिला. सकाळी घरी असणाऱ्या गृहिणींना अशा साक्षींत रस नसतो, असं त्यांचं म्हणणं. शिवाय थेट प्रक्षेपणासाठी नेहमीचे कार्यक्रम काढले की जाहिरातींचं उत्पन्न बुडणारच. मला हा युक्तिवाद गृहिणींचा अपमान करणारा वाटतो. ज्या युद्धावर त्यांची मुलं जात होती, त्याचीच ती चर्चा होती. आणि वृत्तविभागाच्या अध्यक्षाच्या हाती बातमी असली, तरी ती दाखवायची वेळ नव्हती.

फ्रेंडली मग फोर्ड फाउंडेशन या देणग्या देणाऱ्या संस्थेचे सल्लागार झाले, कोलंबिया विद्यापीठात पत्रकारिता शिकवू लागले. त्याच वर्षी फाउंडेशननं एक योजना मांडली: ना-नफा तत्त्वावर उपग्रह चालवायचे, वाहिन्यांनी त्याचं भाडं भरायचं आणि त्यातून जाहिरातींवर न जगणाऱ्या दूरचित्रवाणीला पैसा पुरवायचा. ती योजना तशी उतरली नाही. पण १९६७ मध्ये सार्वजनिक प्रसारणाचा कायदा झाला आणि १९७० मध्ये पीबीएस या सार्वजनिक दूरचित्रवाणीचं प्रसारण सुरू झालं.