डिव्हाइड की सेपरेट? चूक होते ती शेजारच्या शब्दात

'वर्गातल्या मुलांचे चार गट वेगळे करा' आणि 'अंड्यातला बलक वेगळा करा'. मराठीत दोन्हीकडे 'वेगळे करणे' खपून जातं, इंग्रजीत नाही. एका अखंड गोष्टीचे भाग पाडायचे असतील तर डिव्हाइड. मुळात निराळ्या असलेल्या, पण एकत्र आलेल्या गोष्टी बाजूला काढायच्या असतील तर सेपरेट. म्हणून 'डिव्हाइड द क्लास इन्टू फोर ग्रुप्स', पण 'सेपरेट द योक फ्रॉम द व्हाइट'.

हा फरक बहुतेकांना लवकर कळतो. घोटाळा होतो तो इन्टू, बाय, फ्रॉम यांत. मराठीत 'चार गटांत' म्हणताना नुसता 'त' लागतो, म्हणून हात आपोआप 'इन फोर ग्रुप्स' लिहून जातो. तिथे इन्टूच हवं. 'इन हाफ' आणि 'इन टू' (दोन तुकडे या अर्थी) मात्र रूढ आहेत.

'बाय' आलं की भागाकार. 'डिव्हाइड सिक्स इन हाफ' म्हणजे सहाचे दोन समान भाग, उत्तर 3. 'डिव्हाइड सिक्स बाय हाफ' म्हणजे सहाला अर्ध्याने भागा, उत्तर 12! आणखी एक खड्डा: गणित बोलताना आपण 'इन्टू' गुणाकारासाठी वापरतो. पण 'डिव्हाइड फोर इन्टू ट्वेंटी' म्हणजे 20 ला 4 ने भागा. उत्तर 5, 80 नव्हे.

वाटून द्यायचं असेल तर बिटवीन किंवा अमंग. 'दोघांत बिटवीन, जास्त जणांत अमंग' हा शाळेतला नियम अपुरा आहे. तिघांची नावं घेऊन वाटणी सांगितली तरी बिटवीन बरोबरच. अमंग शोभतं ते नावं न घेता सगळ्या गटाबद्दल बोलताना. मित्रांनी बिल वाटून घेतलं तर 'स्प्लिट द बिल' म्हणावं. डिव्हाइड चुकीचं नाही, पण जेवणाच्या टेबलावर ते हिशेबी वाटतं.

सेपरेटबरोबर इन्टू कधीच येत नाही असं समजू नका. धुवायच्या कपड्यांचे पांढरे आणि रंगीत असे ढीग करताना 'सेपरेट द क्लोद्स इन्टू टू पाइल्स' अगदी योग्य, कारण मिसळलेलं निवडलं जातंय. मध्ये काही असेल तर बाय: 'वर्ड्स सेपरेटेड बाय कॉमाज'.

माणसांबद्दल बोलताना जास्त जपावं लागतं. 'दे आर सेपरेटेड' म्हणजे नवराबायको वेगळे राहतात, पण लग्न कायद्याने मोडलेलं नाही. घटस्फोट झाला असेल तर 'डिव्होर्स्ड'. 'दे आर डिव्हायडेड' म्हणजे त्यांच्यात मतभेद आहेत, आणि ते तीव्र असतील तर 'डीपली' किंवा 'शार्पली' डिव्हायडेड. ज्या विषयावरून मतभेद, त्याच्याआधी 'ऑन' किंवा 'ओव्हर'.

'सेपरेट रूम्स' म्हणजे स्वतंत्र खोल्या. 'अ डिव्हायडेड रूम' म्हणजे मध्ये आडोसा घातलेली एकच खोली. 'सेपरेट' या विशेषणाचा उच्चार 'सेप्रट'. शेवटी स्पष्ट 'रेट' ऐकू येतो तो फक्त क्रियापदात. स्पेलिंग दोन्हीचं एकच, आणि त्यात पीनंतर ए येतो, ई नाही.